तळ्याकाठची पहाट

जानेवारी महिन्यात बेंगळुरूला सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. तळ्यावरचा दिवस मात्र त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. ज्याला पाणपक्ष्यांचे निरीक्षण करावयाचे आहे त्याने उजाडण्यापूर्वीच बांधावर जाऊन उभे राहावे आणि पहिली पंधरा-वीस मिनिटे दुर्बीण डोळ्यांना न लावता केवळ कानांचा उपयोग करावा. शहराच्या उत्तर भागातील जक्कूरच्या तळ्यावर अशा वेळी प्रथम ऐकू येतो तो पाणकणसांच्या दाटीतून येणारा जांभळ्या पाणकोंबडीचा घोगरा, काहीसा तक्रारीच्या सुरातला आवाज. त्यामागोमाग टिबुकलीची थरथरती तान आणि टिटवीची ओरड. डोक्यावरून ‘क्वॉक’ असा एकच शब्द उच्चारीत रातढोकरी जातात. रात्रभर मासे मारून त्या झोपावयास परत निघालेल्या असतात. त्याच सुमारास पाणकावळ्यांचे थवे मुक्कामाची झाडे सोडून पाण्याकडे निघतात. एकाच तळ्यातील मासळी दोन पाळ्यांत वाटून खाण्याची ही व्यवस्था होय. पाळी बदलण्याची ही घटका पाहावयास मिळावी एवढ्यासाठी देखील अंथरूण लवकर सोडणे सार्थकी लागते.

पहाटेची वेळ पक्षिनिरीक्षणास उत्तम, हे सर्वच पुस्तकांतून सांगितलेले असते. त्याची कारणे साधी आहेत. रात्रभराच्या उपासामुळे पक्षी भुकेलेले असतात व त्यामुळे ते उघड्यावर येतात. वारा पडलेला असतो, रहदारी सुरू झालेली नसते, त्यामुळे आवाज दूरवर ऐकू येतो. ऊन चढल्यावर पाण्यावरून वर येणाऱ्या गरम हवेने दुर्बिणीतील चित्र थरथरू लागते, तसे पहाटे होत नाही. परंतु तळ्याच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. ते पाण्याच्या पोटात दडलेले आहे आणि त्याची माहिती नसेल तर निरीक्षकाचा मोठा गैरसमज होण्याचा संभव असतो.

उजाडताना काठाकडे पाहावे. मोठे बगळे, गायबगळे, लहान बगळे, ढोकरी असे सारे पंगतीला बसावे तसे पाण्याच्या कडेने ओळीने उभे असतात आणि त्यांच्या चोची एकसारख्या खालीवर होत असतात. मासे इतके सहज मिळत असतात की बगळ्याचा नेहमीचा तपस्वी संयम येथे दिसतच नाही. दिवसभर खोल पाण्यात राहणारे मासे ह्याच वेळी पृष्ठभागाशी का येतात? दिवसा पाण्यातील शेवाळ व इतर वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतात व तो पाण्यात विरघळतो. सूर्य मावळला की हे काम थांबते. उलट वनस्पती, मासे आणि तळाच्या गाळातील जिवाणू हे सर्व मिळून साठलेला प्राणवायू रात्रभर वापरीत राहतात. सूर्योदयाच्या जरा आधी तो सर्वांत कमी झालेला असतो. स्वच्छ पाण्यात ही घट मासे सहज सोसतात. परंतु ज्या तळ्यात शहराचे सांडपाणी मिसळते तेथे शेवाळ अतोनात माजते, गाळ कुजत राहतो आणि पहाटेपर्यंत पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरत नाही. मग मासे पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून तग धरू पाहतात आणि बगळ्यांच्या चोचीत सापडतात. ऊन पडून तास-दीड तास झाला की मासे खाली जातात व बगळ्यांची पंगत मोडते.

तेव्हा पहाटे काठावर दिसणारी शेकडो बगळ्यांची रांग ही तळ्याच्या समृद्धीची खूण असेलच असे नाही. ती त्याच्या गुदमरण्याची खूणही असू शकते. मार्च २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागातील हलसूरच्या तळ्यात हजारो मासे मरून तरंगू लागले, तेव्हा लोकांना धक्का बसला. परंतु प्राणवायू असा संपत येतो तेव्हा त्याची पहिली वर्दी पहाटेच्या बगळ्यांनाच मिळत असते. ‘पक्षी पुष्कळ आहेत, म्हणजे तळे चांगले आहे’ हे वाक्य बेंगळुरूच्या वर्तमानपत्रांतून आणि व्याख्यानांतून वारंवार वाचावयास व ऐकावयास मिळते. ते अर्धेच खरे आहे. किती पक्षी ह्यापेक्षा कोणते पक्षी, कोठे आणि काय करीत असलेले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते.

हे नीट समजण्यासाठी ही तळी मुळात काय आहेत ते पाहिले पाहिजे. बेंगळुरूला नैसर्गिक सरोवर एकही नाही आणि शहराजवळून वाहणारी मोठी नदीही नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या एका पठारी कण्यावर हे शहर वसलेले आहे. पश्चिमेकडे उतरणारे पाणी अर्कावती नदीतून कावेरीस मिळते, तर पूर्वेकडे उतरणारे दक्षिण पिनाकिनीत जाते. पावसाचे हे पाणी निसटून जाऊ नये म्हणून गावोगावच्या लोकांनी उतारावर मातीचे बांध घातले आणि एकाखाली एक अशी तळ्यांची माळ तयार केली. वरचे तळे भरले की त्याच्या सांडव्यावरून, म्हणजे कानडीतील ‘कोडी’वरून, पाणी ओढ्याने खालच्या तळ्यात जाई. तळ्याला तेथे ‘केरे’ म्हणतात. जक्कसंद्र, बोम्मसंद्र ह्यांसारख्या गावांच्या नावांतील ‘संद्र’ हा शब्द समुद्र ह्या शब्दाचे रूप आहे, आणि बांधावर उभे राहून पावसाळ्याच्या अखेरीस पाण्याकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला ते नाव अतिशयोक्तीचे वाटले नसेल. १५३७ मध्ये केंपेगौडांनी पेठ वसविली तेव्हा, आणि १६३८ नंतर हे ठिकाण शहाजीराजांच्या जहागिरीत आले तेव्हाही, शहराची तहान आणि भोवतालची शेते ह्याच तळ्यांवर अवलंबून होती.

तळ्याची देखभाल करणारा एक माणूस असे. कानडीत त्याला ‘नीरगंटी’ म्हणतात. महाराष्ट्रातील पाटकऱ्याचाच तो भाऊ. कोणत्या शेताला किती पाणी द्यावयाचे हे ठरवून तो बांधातील तुंब उघडी व बंद करी. पक्ष्यांसाठी तो काहीच करीत नव्हता. पण त्याच्या कामाचा एक परिणाम असा होई की, पावसाळ्यात काठोकाठ भरलेले तळे हिवाळ्यापासून हळूहळू उतरू लागे. पाणी हातभर मागे सरले की तेवढा ताजा, ओला, किड्यांनी भरलेला चिखल उघडा पडे. उत्तरेकडून सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेल्या तुतारी, धोबी, चिखले ह्या पाहुण्यांना नेमके हेच हवे असते. मार्च-एप्रिलमध्ये त्यांना हजारो किलोमीटरचा परतीचा प्रवास करावयाचा असतो आणि त्यापूर्वी अंगात चरबी साठवावयाची असते. नीरगंटीच्या तुंबेने त्यांच्यासाठी रोज नवे ताट वाढले जात होते, असे म्हणावयास हरकत नाही.

१८९४ मध्ये हेसरघट्टच्या जलाशयातून, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीहून आणि १९७४ पासून कावेरीतून शहराला नळाचे पाणी मिळू लागले. नळ आला आणि तळ्याचा मालक नाहीसा झाला. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मध्यवर्ती बसस्थानक आहे आणि संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडागार. १९८५ मध्ये एन. लक्ष्मण राव ह्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली आणि उरलेली तळी राखावीत अशी शिफारस तिने केली, तोवर कित्येक तळी बुजलेली होती. जी उरली त्यांत दुसरा बदल झाला. नळाने आलेले पाणी वापरून झाल्यावर उताराने तळ्यांतच येऊ लागले. बेळ्ळंदूर हे शहरातील सर्वांत मोठे तळे. तेथे २०१५ नंतरच्या काही वर्षांत साबणी फेसाचे डोंगर रस्त्यावर उडून आले, आणि जानेवारी २०१८ मध्ये तळ्याच्या पात्रात लागलेली आग विझविण्यास लष्कराच्या जवानांना उतरावे लागले. ह्या घटना साऱ्या देशाने ऐकल्या. परंतु सांडपाण्याने घडविलेला एक शांत बदल फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. सांडपाणी बारा महिने येते. त्यामुळे पूर्वी हंगामी असलेली तळी बारमाही झाली. पाणी उतरेना, आणि पाणी उतरेना म्हणून चिखल उघडा पडेना.

येथे पक्ष्यांच्या पायांकडे आणि चोचींकडे लक्ष वेधले पाहिजे. पाणपक्षी सगळेच पाण्यात राहतात असे आपण म्हणतो खरे, पण पाण्याची खोली त्यांनी बोटांनी मोजल्यासारखी आपसांत वाटून घेतलेली असते. नुसत्या ओल्या चिखलावर धोबी शेपटी हालवीत पळतो. एक-दोन बोटे पाण्यात तुतारी उभी राहते. तांबड्या काटक्यांसारख्या पायांचा शेकाट्या वीतभर पाण्यात चालतो. चित्रबलाक आणि चमचा ह्यांना गुडघाभर पाणी पुरते. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून चालत राहतो आणि मासा लागताच ती मिटतो, तर चमचा आपली चपटी चोच विळ्यासारखी दोन्ही बाजूंना फिरवितो. मुग्धबलाकाच्या चोचीत मधे फट असते; गोगलगाई व शिंपले हे त्याचे मुख्य अन्न. हळदी-कुंकू बदक डोके खाली आणि शेपूट वर करून तळाचे अन्न खाते, तेव्हा त्याच्या मानेच्या लांबीपेक्षा पाणी खोल असून चालत नाही. कमळपक्षी तर पाण्यात उतरतच नाही. लांबलचक बोटांवर भार विभागून तो पानांवरून चालतो. खोल, मोकळे पाणी उरते ते बुडी मारणाऱ्यांसाठी, म्हणजे पाणकावळे, तिरंदाज आणि टिबुकली ह्यांच्यासाठी. वारकरी हा काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा लावलेला पक्षीही बुडी मारतो. जड अंगामुळे त्याला उडण्यापूर्वी पाण्यावरून बरेच अंतर धावत जावे लागते. थव्याने धावू लागले म्हणजे पालखीपुढच्या दौडीची आठवण व्हावी, हे नाव ठेवणाऱ्याच्या मनात होते की नाही कोण जाणे.

ह्या वाटणीमुळे तळ्याची खोली बदलली की तेथील मंडळी बदलतात. बेंगळुरूमध्ये गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेक तळ्यांचे पुनरुज्जीवन झाले. गाळ काढला, भोवती दगडी पिचिंग केले, फिरावयास रस्ता बांधला, कुंपण घातले. हे प्रयत्न नसते तर त्यांपैकी काही तळी आज अस्तित्वातच नसती, ही गोष्ट विसरता कामा नये. परंतु अभियंत्याला तळे म्हणजे पाणी साठविण्याचे भांडे वाटते. उभ्या काठांची, सर्वत्र सारखीच खोल अशी वाडग्यासारखी तळी तयार झाली की त्यांत पाणकावळे व झोळीवाले ह्यांची चांगली सोय होते. तुतारी व शेकाट्या ह्यांना मात्र पाय टेकावयास जागा उरत नाही. फिरावयास येणाऱ्या नागरिकाला असे तळे भरलेले, निळे आणि नीटनेटके दिसते. चिखल त्याला घाण वाटते. चिखल हाच तळ्याचा सर्वांत सुपीक भाग असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

जक्कूरचे तळे ह्या संदर्भात मुद्दाम अभ्यासण्यासारखे आहे. सुमारे १६० एकरांच्या ह्या तळ्याच्या वरच्या अंगाला सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र आहे. मुळात त्याची क्षमता दिवसाला एक कोटी लिटरची होती. तेथून निघालेले पाणी थेट तळ्यात सोडले जात नाही. प्रथम ते सुमारे साडेचार हेक्टरांच्या उथळ पाणथळीत येते. तेथील पाणकणसांच्या व इतर वनस्पतींच्या मुळांतून ते सावकाश झिरपते, आणि केंद्रातून सुटलेली नत्र-स्फुरदयुक्त द्रव्ये पुष्कळशी तेथेच शोषली जातात. मग ते मुख्य तळ्यात येते व तेथून सांडव्यावरून राचेनहळ्ळीच्या तळ्याकडे जाते. ही योजना निर्दोष नाही. ओढ्याने मलीन पाणी आले की तळ्याची स्थिती पुन्हा बिघडते. तरीही येथे उथळ आणि खोल असे दोन्ही प्रकारचे पाणी शेजारी शेजारी राहिले, आणि म्हणूनच एका सकाळी येथे पाणकोंबड्यांपासून झोळीवाल्यांपर्यंत निरनिराळ्या धंद्यांचे पक्षी पाहावयास मिळतात.

झोळीवाला, म्हणजे ठिपकेदार चोचीचा पाणकोळी, हा जक्कूरचा मानकरी आहे. जगात हा पक्षी मुख्यतः भारत, श्रीलंका व आग्नेय आशियाचा काही भाग एवढ्याच प्रदेशात उरलेला आहे. बेंगळुरूपासून सुमारे ८० किलोमीटरवर मंड्या जिल्ह्यात कोक्करेबेळ्ळूर नावाचे गाव आहे. तेथे झोळीवाले व चित्रबलाक गावातल्याच चिंचांवर आणि पिंपळांवर घरटी करतात. ग्रामस्थ त्यांना त्रास देत नाहीत. झाडांखाली साठणारी विष्ठा शेतांना खत म्हणून वापरण्याची तेथे रीत होती. २००७ मध्ये हे गाव सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. पाच-सहा किलो वजनाचा हा पक्षी पहाटे जागा असूनही उडण्याची घाई करीत नाही, ही गोष्ट नव्या निरीक्षकाला नवलाची वाटते. तो बेटावर बसून पिसे साफ करतो, किंवा चार-सहांच्या रांगेत पोहत मासे काठाकडे रेटतो. दूरच्या प्रवासाला मात्र तो नऊ-साडेनऊनंतर निघतो, कारण तेव्हा तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे झोत वर चढू लागतात. त्यांवर पंख पसरून चकरा घेत तो फारसे श्रम न करता उंची गाठतो. पहाटे येऊन आठ वाजता परतणाऱ्यांना हे दृश्य कधीच दिसत नाही.

तळ्याकाठी आज दुर्बिणीपेक्षा कॅमेरे अधिक दिसतात. बेंगळुरूला ह्या कलेची परंपरा जुनी आहे. ओ. सी. एडवर्ड्स ह्यांच्या हाताखाली तयार झालेले टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२–२०१७) आणि ई. हनुमंत राव ह्यांनी येथूनच देशभर नाव मिळविले. सांडूरच्या घोरपडे घराण्यातील एम. वाय. घोरपडे ह्यांनी कर्नाटकाचे अर्थमंत्रिपद सांभाळून वन्यजीवांच्या छायाचित्रणात श्रेष्ठ स्थान मिळविले, हे मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या पिढीची साधने आजच्या तुलनेने फार मर्यादित होती. रंगीत फिल्मची संवेदनक्षमता २५ किंवा ६४ एवढीच असे. सूर्योदयाच्या वेळच्या मंद प्रकाशात अशा फिल्मवर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका वेळ तरी पडदा उघडा ठेवावा लागे, आणि एवढ्या वेळात उडत्या बगळ्याचे पंख चित्रात पुसून जात. म्हणून ते लोक पक्ष्याच्या सवयी आधी पाहून ठेवीत, तो कोठे येऊन बसेल ते ओळखीत आणि आडोशात बसून वाट पाहत. एका रिळात छत्तीस चित्रे निघत. प्रत्येकाचा खर्च मोजावा लागे. आजच्या कॅमेऱ्याची संवेदनक्षमता हजारांच्या घरात असते, तो पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतो आणि एका सेकंदात वीस चित्रे घेतो. त्यामुळे चित्रे सुबक झाली आहेत; वाट पाहण्याची सवय मात्र कमी झाली आहे.

तंत्राच्या दोन-तीन गोष्टी तरीही बदललेल्या नाहीत. सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहावे, म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्याचे रंग खरे उमटतात. पाण्यावरचे धुके व त्यातील आकृती हव्या असतील तर उलट पश्चिमेच्या काठावरून सूर्याकडे तोंड करावे. पांढऱ्या पक्ष्याच्या बाबतीत नवशिका हमखास चुकतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. काळसर पाण्यासमोर बगळा उभा असेल तर पाण्याच्या काळेपणामुळे तो अधिक प्रकाश घेतो आणि बगळ्याची पिसे विरून नुसता पांढरा डाग उरतो. अशा वेळी प्रकाश एक-दीड पायरी कमी करावा लागतो. आणि शक्य तितके खाली बसावे, कारण पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेले चित्र उभ्याने घेतलेल्या चित्राहून नेहमीच सरस ठरते. खाली बसलेल्या माणसाला पक्षी कमी भितात, हा त्यातील आणखी एक फायदा.

किती जवळ जावे, हे पक्षीच सांगतो. खाणे थांबवून तो मान ताठ करून पाहू लागला की निरीक्षक मर्यादेच्या आत आलेला असतो. आणखी एक पाऊल टाकले की पक्षी उडतो. एकदा उडाला तर फारसे बिघडत नाही. परंतु रविवारच्या एका सकाळी बारा-पंधरा छायाचित्रकार आळीपाळीने तेच करू लागले तर लांबच्या प्रवासासाठी चरबी साठविणाऱ्या तुतारीचा खाण्याचा वेळ पळण्यात जातो. घरट्याच्या बाबतीत परिणाम अधिक वाईट होतो. शेकाट्या आणि टिटवी ह्यांची घरटी उघड्या जमिनीवर असतात. मादी उठली की अंडी उन्हात तापतात, आणि कावळे व घारी तर जवळपास टेहळणी करीत असतातच. अनेक छायाचित्र-स्पर्धा घरट्यावरील चित्रे आता स्वीकारीत नाहीत, हे योग्यच झाले.

परंतु चित्राचा ह्याहून सूक्ष्म असा एक दोष आहे. चौकटीत काय घ्यावयाचे हे चित्रकार ठरवितो, आणि तो अर्थातच सोनेरी पाणी व झोळीवाला घेतो. तीन हातांवर तरंगणारा फेस, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि कुजलेली जलपर्णी चौकटीबाहेर राहतात. अशी शंभर चित्रे पाहिल्यावर तळे सुखात आहे अशी समजूत होते. ह्या उलट जे चित्र कलेच्या दृष्टीने टाकाऊ, ज्यात पक्षी ठिपक्याएवढे आहेत पण काठ, पाण्याची पातळी व वनस्पती स्पष्ट आहेत, ते तारीख लिहून ठेवले तर दहा वर्षांनी अमोल ठरते. एकाच दगडावर उभे राहून दर महिन्याला असे एक चित्र घेणे, ही सवय अजून फार थोड्यांना लागलेली आहे.

लिहून ठेवण्याची सवय मात्र ह्या शहराला जुनी आहे. सालिम अली ह्यांनी केलेल्या म्हैसूर संस्थानच्या पक्ष्यांच्या पाहणीचा वृत्तान्त १९४२-४३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० च्या दशकात डॉ. जोसेफ जॉर्ज व त्यांचे सहकारी ह्यांच्या प्रयत्नांतून बर्डवॉचर्स फील्ड क्लब ऑफ बेंगलोर ही संस्था उभी राहिली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लालबागेत जमण्याचा तिचा प्रघात प्रसिद्ध आहे. पक्षिनिरीक्षकांसाठी १९६० पासून इंग्रजीतून निघणाऱ्या पत्रिकेचे संपादक झफर फतेहअली ह्याच दशकात बेंगळुरूला राहावयास आले. १९८७ मध्ये आशियातील पाणपक्ष्यांची जानेवारीतील गणना सुरू झाली, आणि पुढील वर्षांत येथील हौशी निरीक्षकांनी तळ्यामागून तळे पालथे घातले. त्यांत शिक्षक होते, कारकून होते, विद्यार्थी होते. बरेच जण सायकलीवरून जात. १९९६ मध्ये कर्नाटक वनखात्याने बेंगळुरूचे पाणपक्षी व पाणथळी ह्यांविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला तो अशा पहाटेच्या वह्यांमधून तयार झाला होता. पुढे वह्यांची जागा ई-बर्डसारख्या संगणकीय नोंदवह्यांनी घेतली. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ९४२ जातींचा विचार केलेला आहे, आणि त्यासाठी तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदी वापरल्या आहेत. शिकारी पक्षी, बदके आणि काठावरचे स्थलांतरित पक्षी ह्यांची घट त्यात ठळकपणे दिसते. बेंगळुरूच्या तळ्यांवर कोणाला जागा राहिली नाही हे ज्याने पाहिले आहे, त्याला ह्या यादीतील शेवटच्या नावाचे आश्चर्य वाटत नाही.

अशा नोंदी उपयोगी पडाव्यात म्हणून काय लिहावे? जातीचे नाव व संख्या तर लिहावीच. त्याबरोबर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाहिले, कोठून पाहिले, पक्षी काय करीत होते आणि पाणी कोणत्या दगडापर्यंत होते, हेही लिहावे. बगळ्यांची पंगत सात वाजता मोडली की आठ वाजता, ह्या एका ओळीवरून पाण्यातील प्राणवायूचा अंदाज बांधता येतो. एरवी त्यासाठी उपकरण लागते. आणि जो पक्षी अपेक्षित होता पण दिसला नाही त्याच्यापुढे शून्य लिहावयास विसरू नये. दुर्मीळ पक्षी दिसल्याची नोंद सर्वजण उत्साहाने करतात. नेहमीची तुतारी दिसली नाही, ही नोंद करावयाचे कोणाच्या मनातही येत नाही, आणि ती केव्हा नाहीशी झाली हे मग कोणालाच सांगता येत नाही.

नऊ वाजले की बांधावरची गर्दी ओसरते. फिरावयास आलेले परतलेले असतात, छायाचित्रकार भिंगे पुसून पिशवीत ठेवीत असतात. पाणकावळे दगडांवर पंख पसरून बसलेले असतात. त्यांची पिसे पाणी शोषून घेतात, त्यामुळे बुडी मारणे सोपे जाते, पण नंतर वाळवीत बसावे लागते. बगळे पांगलेले असतात. ज्याने वही अजून मिटलेली नाही त्याला ह्या वेळी बेटावरचे झोळीवाले एकेक करून पाण्यावर उतरताना, पंखांचे जड फटके मारीत उठताना आणि पलीकडच्या इमारतींच्या वर पहिली चक्कर घेताना दिसतात. ते शेवटचे मोजून घ्यावेत, कारण उडताना मोजलेली संख्या बसलेल्यांच्या मोजणीपेक्षा बहुधा दोन-चारांनी अधिक भरते.